काळी बिअर आणि तुझी स्ट्राँग

प्रिय मामा,

मे महिन्यात तू इथे देवनारला आला होतास तेव्हा म्हणालास, "काळी बिअर लई चढते, आपल्या वयाला नको." आणि हातातली पिवळी, थंडगार स्ट्राँग बिअर अर्ध्या तासात संपवलीस. तेव्हा सगळे बसले होते म्हणून गप्प बसले, आता लिहितेच. तुझ्या त्या बाटलीत अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत असतं. आयर्लंडची काळीकुट्ट गिनीज ४.२ टक्क्यांची. कोणती जास्त चढेल, तूच सांग.

रंगाचा आणि चढण्याचा काही संबंध नाही. बार्लीला मोड आणून वाळवली की माल्ट होतं. त्यातला थोडा भाग कॉफीच्या बियांसारखा काळा होईपर्यंत भाजतात. असं भाजकं माल्ट शेकडा पाच-दहा पडलं तरी अख्खं पिंप काळं होतं. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने भाजण्याच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून न जळता काळं होणारं माल्ट मिळू लागलं. चढणं ठरतं ते यीस्टला किती साखर खायला मिळाली यावर. गडद आणि कडक अशा एल जातीच्या बिअरमध्ये दोन्ही असतं, माल्ट भरपूर आणि भाजकंही. शिवाय एलचं यीस्ट लागरपेक्षा जरा उबेत काम करतं, त्यामुळे फळांसारखा वास येतो. लागर थंडीत मुरवतात, म्हणून ती स्वच्छ लागते आणि पटकन घशाखाली जाते. तुझी स्ट्राँग म्हणजे लागरच.

परवा अंधेरीच्या एका ब्रूपबमध्ये मी अशी गडद एल घेतली. मोठा मग नव्हे, छोटा ग्लास, आणि तो फार गारही नव्हता. ग्लास दिव्यासमोर धरला तर मधोमध काळा, कडेला मात्र लालसर, काकवीच्या रंगाचा. फेस दुधी नाही, तपकिरी. पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं, कारण जिभेवर आधी भाजकं कडूपण बसतं. मग ग्लास तसाच ठेवून दिला. हातात जरा कोमट झाल्यावर खजूर आणि करपलेला गूळ जाणवायला लागला, आणि मागून घशात हलकी ऊब. बर्फगार असती तर यातलं काहीच कळलं नसतं. या जातीची बिअर १० ते १३ अंशांवर प्यायची असते, तेही घोट घोट. खरं सांगते, दुसरा ग्लास मागवावासा वाटलाच नाही. तुझ्या बाटलीचं असं कधी झालंय का?

आता तुझ्या गावाचं. तू राहतोस त्या देवळालीत १८६१ पासून गोऱ्या सैनिकांचा कॅम्प होता. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत ते महिनोन्‌महिने तिथे पडून असत, कंटाळून काहींचं डोकं फिरे, आणि 'डुलाली' हा वेड्यासाठीचा इंग्रजी शब्द तिथूनच निघाला. साहेब लोक पेल एल पीत, साधा शिपाई पोर्टर ही काळी बिअर. म्हणजे त्या काळात हिंदुस्थानात काळी बिअर ही साध्या शिपायाची बिअर होती. २००९ मध्ये पुण्यात एक मायक्रोब्रुअरी निघाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी, तिने हेच 'डुलाली' नाव घेतलं. पुढे अंधेरीतही आली. शिपायाची ती पोर्टर इतक्या वर्षांनी श्रीमंतांच्या टेबलावर बसली, असा आक्षेप तू घेशील, आणि तो मला मान्य आहे. एका ग्लासच्या पैशांत तुझ्या दोन बाटल्या येतात.

पण तुझी स्ट्राँग खपते ती चवीमुळे नव्हे, हे तूही मान्य कर. कमी रुपयांत जास्त किक, एवढाच तिचा हिशेब, आणि देशात विकल्या जाणाऱ्या बहुतेक बिअरचा तोच आहे. ती इतकी गार करून देतात कारण गारठलेल्या जिभेला चव कळत नाही. हे माझं मत, रागावू नकोस.

एक गोष्ट मात्र देवनारलाच जमते. आमच्या नावाला डंपिंग ग्राउंडचा वास चिकटला आहे, तुम्ही मंडळी गोवंडी स्टेशन आलं की नाक धरता. पण १९७१ पासून मुंबईचं मटण इथल्याच कत्तलखान्यातून जातं. खरपूस सुकं मटण आणि ही काळी एल यांचं जमतं, कारण भाजलेपणा दोघांतही आहे. आईलाही पटलंय, तिने माझ्याच ग्लासातून दोन घोट घेतले.

तेव्हा दिवाळीनंतर एक शनिवार काढ. पिण्याचा परवाना नसेल तर काढून घे. आजन्म परवाना हजार रुपयांचा आहे, आणि या राज्यात तो अजून लागतो. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला जाऊ, गाडी आणायची नाही. पैसे मी देईन. तू फक्त पहिला घोट घेऊन ग्लास दहा मिनिटं खाली ठेवायचा.

तुझी भाची