पाण्यावरचा निबंध

अकरावीला प्रवेश घेताना विषयनिवडीच्या अर्जावर पालकाची सही लागते. २०२४ च्या पावसाळ्यात माझ्या मुलीच्या अर्जावर ती मी केली. इंग्रजीनंतरच्या दुसऱ्या भाषेच्या रकान्यात तिने 'माहिती तंत्रज्ञान' लिहिले होते. नियमाने ते चालते आणि विज्ञान शाखेतील पुष्कळ मुले तेच लिहितात. फरक इतकाच की या मुलीची आई त्याच शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकोणीस वर्षे मराठी शिकवते आहे.

त्यामागे गुणांचा लोभ होता असेही म्हणता येत नाही. अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर ठरतो, बारावीचे गुण तिथे पात्रतेपुरते. प्रश्न वेळेचा होता. "आयटीचा पेपर संगणकावर असतो गं आई, थोड्या दिवसांत तयारी होते. मराठीला किती लिहावं लागतं ते तुलाच माहीत आहे," ती म्हणाली. मला माहीत होते. सही झाल्यावर अर्ज तिने माझ्या हातातून जरा घाईनेच काढून घेतला.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. महाविद्यालयात पेढे वाटले गेले, विभागाच्या वतीने मीच बोलले, आणि बरे बोलले असावे, कारण प्राचार्यांनी भाषणाची प्रत मागून घेतली. घरी आले तेव्हा मुलगी जावास्क्रिप्टचा प्रोग्रॅम लिहीत बसली होती. मी पेढा तिच्या वहीशेजारी ठेवला. अनुदानित महाविद्यालयांत संचमान्यता नावाचा एक वार्षिक सोहळा असतो. विद्यार्थी घटले की कार्यभार घटतो, कार्यभार घटला की पद जाते आणि त्या पदावरचा माणूस 'अतिरिक्त' ठरतो. म्हणजे त्या अर्जावर सही करताना मी स्वतःच्या पदाखालची एक वीट स्वहस्ते काढून दिली होती. या गोष्टीवर शिक्षककक्षात आम्ही हसतो. कारण आमच्यापैकी कोणाच्याच घरी वेगळे घडलेले नाही.

लातूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. नव्वदच्या दशकात 'लातूर पॅटर्न' हे नाव गाजले, ते इथल्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या कष्टांवर: जादा तास, सराव परीक्षा, उत्तरपत्रिका तपासून पुन्हा लिहून घेणे. १९९६ साली औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून मी कलाशाखेत शिकायला इथे आले, तेव्हा आमच्या खोलीतल्या विज्ञानाच्या मुली पहाटे चारला उठत आणि मला 'आर्टवाली' म्हणून झोपू देत. आज नांदेड, परभणी, बीडकडून मुले येतात ती क्लासला. महाविद्यालयात त्यांचे नाव असते. २०१८ मध्ये शासनाने विज्ञानाच्या वर्गांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढून पाहिला. वर्गातील बाके त्याने फारशी भरली नाहीत. मराठी घेतलेल्यांपैकी काही चेहरे मला थेट तोंडी परीक्षेच्या दिवशी दिसतात. एकदा एका मुलाने अत्यंत नम्रपणे विचारले होते, "मॅडम, मराठी शिकवायला कोण आहेत?" मी त्याला तोंडीचे गुण दिले. प्रश्न स्पष्ट उच्चारात विचारला होता.

मुलीची बारावी याच वातावरणात चालली होती. भिंतीवर सूत्रे, रविवारी चाचणी, सोमवारी तिच्या चेहऱ्यावरून गुण ओळखणारे तिचे बाबा. दिवाळीनंतर एके रात्री तिने हळूच सांगितले की पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचा अर्जही तिला भरायचा आहे. विषय पर्यावरणाचा. सीईटी देणारच होती. हा दुसरा दरवाजा. शुल्काचा आकडा ऐकून आम्ही दोघेही काही वेळ गप्प बसलो, तो भाग सोडून देते. अर्जात पाचशे शब्दांचे एक टिपण हवे होते, इंग्रजीत: तुम्हाला घडवणारा एखादा अनुभव सांगा.

तिने लिहिलेले टिपण मला वाचायला दिले. सुरुवात अशी होती की लहानपणापासूनच तिला निसर्गाची विलक्षण ओढ आहे. पुढे पृथ्वी ही आपली माता होती, मानवाचा हव्यास होता, काळाची गरज होती, आणि शेवटी 'चला तर मग' अशा अर्थाचे एक वाक्य होते. भाषा इंग्रजी, पण प्रत्येक वाक्य माझ्या ओळखीचे. मी गेली एकोणीस वर्षे जे निबंध तपासते आहे, त्यांतलाच हा एक होता. आकर्षक आरंभ, सुविचाराची जोड, तीन मुद्दे, आशावादी शेवट. तिने मराठी घेतले नव्हते, पण मराठीच्या तासाला जे चालते ते तिच्यापर्यंत पोचलेच होते.

"यात तू कुठे आहेस?" मी विचारले.

"अनुभव कुठून आणू? मी काय केलंय आतापर्यंत? अभ्यासच केलाय," ती म्हणाली. आवाज चढला होता. मग थोड्या वेळाने, पेनाशी खेळत, "पाण्याचं लिहू का? ती रेल्वे आली होती तेव्हाचं?"

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या खेपेला दहा टाक्या, साधारण पाच लाख लिटर. हे सर्वांना ठाऊक आहे, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली होती. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिने जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. रात्री टँकर येई तेव्हा आमचा नंबर राखायला मी तिला उलट्या बादलीवर बसवून घागरी आणायला घरी जात असे. तेवढ्या पाच-सात मिनिटांत शेजारच्या काकू आपली कळशी हळूच पुढे सरकवत. रोज. ती बघत असे आणि बोलत नसे, कारण त्या काकू दिवसा तिला खाऊ देत. आंघोळीचे पाणी घमेल्यात धरून त्यानेच फरशी पुसायची, उरलेले संडासात टाकायचे, हा क्रम तिला पाढ्यासारखा पाठ होता. वरच्या मजल्यावर वैद्यकीयच्या तयारीसाठी राहिलेल्या दोन मुली मेस बंद पडली म्हणून गावी परत गेल्या. नीट होणार की सीईटी, याचाही त्या वर्षी घोळ चालला होता. जाताना त्यांनी आपली अर्धी भरलेली टाकी आम्हाला देऊ केली. "तू त्यांना थँक्यू म्हणायच्या आधी टाकीत वाकून पाहिलंस, आई."

हे सगळे ती मराठीत बोलत होती आणि न अडखळता. मी म्हटले, असेच लिही. चार रात्री ती ते लिहीत होती, सराव परीक्षा सांभाळून. घागर आणि कळशी यांतला फरक इंग्रजीत कसा आणायचा म्हणून माझ्याकडे आली, मला सांगता आला नाही. तिने दोन्ही शब्द तसेच ठेवले. टाकीत वाकून पाहिल्याचे वाक्य ठेवू का, असेही तिने विचारले. ठेव म्हटले. सांगायला सोपे गेले नाही.

अर्ज गेला. पुढे काय झाले ते इथे महत्त्वाचे नाही. परंतु त्या आठवड्यात मी कपाटातून माझ्या जुन्या टाचणवह्या काढल्या, नेमके काय शोधत होते ते ठाऊक असूनही इतर वह्या आधी चाळत राहिले. परीक्षेत त्या वर्षी पाण्यावर निबंध येणार असा आम्हा सर्वांचाच अंदाज होता. समोर बसलेली मुले रात्र रात्र रांगेत उभी राहून वर्गात येत होती. काही तर झोपत असत, मी त्यांना उठवल्याचेही आठवते. जानेवारी २०१६ च्या पानावर माझ्याच अक्षरात नोंद आहे: 'निबंध — पाणी : एक संजीवनी. मुद्दे व सुभाषिते सांगितली. विद्यार्थ्यांनी उतरवून घेतले.'