आमचें सातारा: भूमि आणि पूर्वेतिहास

सातारा शहर कोठें आहे, असें कोणीं विचारिलें असतां 'किल्ल्याखालीं' असें उत्तर आम्ही सर्रास देतों. तें उत्तर खरें आहे, परंतु अपुरें आहे. दक्षिणेस अजिंक्यताऱ्याचा डोंगर, पश्चिमेस यवतेश्वर आणि पूर्वेस माहुलीचा संगम, यांच्यामधील उतरणीवर आमचें शहर वसलें आहे. कृष्णा व वेण्णा या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावतात. एक वाईवरून व दुसरी मेढ्यावरून वाहत येऊन माहुलीस एकमेकींस भेटतात. इतकें पाणी जवळ असतांही आमचें शहर नदीकांठीं कां वसलें नाहीं, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

त्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें. येथील जुनें ठाणें गडावरचें. शिलाहार राजा दुसरा भोज यानें तो गड बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधिला, असें मानितात. पुढें तो बहामनी व विजापूरकर यांच्याकडे होता. १६७३ सालीं शिवाजी महाराजांनीं तो घेतला. १६९९ च्या डिसेंबरांत औरंगजेब बादशहानें स्वतः येऊन त्यास वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभु यांनीं सुमारें साडेचार महिने गड लढविला. सुरुंग उडाला तेव्हां तट बाहेरच्या बाजूस कोसळून मोगलांचीच मोठी हानि झाली. अखेर १७०० च्या एप्रिलांत गड पडला व त्यास 'आझमतारा' हें नांव मिळालें. पुढें मराठ्यांनीं तो परत घेतला.

१२ जानेवारी १७०८ रोजीं शाहू महाराजांचा येथें राज्याभिषेक झाला. गडावर रक्षण होतें, पण राजधानीच्या विस्तारास जागा नव्हती. म्हणून महाराजांनीं पायथ्याशीं शाहूनगर वसविलें. मंगळवार, शनिवार इत्यादि पेठांच्या नांवांनीं तो काळ आजही आमच्या तोंडीं आहे. पाठीशीं गड हवा म्हणून नगर डोंगरास लागून राहिलें. मात्र नदी दूर व खालीं राहिली. तेव्हां यवतेश्वराच्या डोंगरावरील पाणी नळानें उतरवून हौदांत आणण्यांत आलें. पुढें कासच्या तलावाचें पाणीही शहरास मिळूं लागलें.

यांतून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. गडानें शहराचें रक्षण केलें खरें, परंतु त्यास जगविलें तें डोंगरांनीं. तोफांचा काळ गेला, राजधानीही गेली. कासचें पाणी मात्र आजही येतें. परमेश्वरानें दिलेला हा ठेवा उतारावरील झाडें व माती यांच्या आधारें टिकतो. पावसाचें पाणी मुरण्यास झाडें व माती लागतात. तीं गेलीं तर तें पाणी ओढ्यानाल्यांतून वाहून नदीस मिळेल, आणि शहर कोरडें राहील. गडाच्या तटाचा अभिमान आम्ही बाळगतोंच. तितकीच काळजी आम्हीं त्या डोंगरांच्या उतारांचीही घ्यावी. लढाईचे सन पाठ करणें सोपें आहे. ज्या भूमीवर आपण राहतों ती ओळखून जपणें हेंच शाहूनगरीच्या लेंकरांचें खरें कर्तव्य होय.