दिवाणजींचा नातू

मागच्या शनिवारी परतवाड्याला घरी गेलो होतो. सोबत लॅपटॉप आणि त्यात एक एक्सेल शीट, नाव 'दुकान'. बाबांनी दुकान बंद करून पुण्याला आमच्याकडे यावं, हे आकड्यांनी पटवून द्यायचा बेत होता. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार :)

परतवाडा कुठे, असं ऑफिसात नेहमी विचारतात. अमरावतीहून चिखलदऱ्याला जाताना तुम्ही जिथे चहाला थांबता, ते आमचं गाव. शेजारचं अचलपूर जुनं, एकेकाळी वऱ्हाडची राजधानी. परतवाडा मात्र छावणीचं गाव. हैदराबाद कंटिंजंटची फौज इथे असायची आणि फौजेमागे दुकानं आली. जुनी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात. पुढे मेळघाटच्या सागवानाचा बाजार इथे भरला, म्हणून सुतार आणि आरागिरण्या आल्या.

पण वऱ्हाडात खरा पैसा कापसाचा. रेल्वेच्या आधी हा कापूस बैलांच्या पाठीवर पार मिर्झापूरला जायचा आणि तिथून गंगेतून कलकत्त्याला. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने लाखभर बैलांचा माल पाठवला म्हणे. एक लाख बैल! त्यांच्यामागे तांडे घेऊन चालणारे बंजारे. ही त्या काळची लॉजिस्टिक्स कंपनीच की.

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. १८६७ पर्यंत भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. खामगावला आणि अमरावतीला, जिथे कापसाचे मोठे बाजार होते तिथे, १८७०-७१ च्या सुमारास मुद्दाम फाटे काढले. अचलपूरला मात्र कुणी विचारलं नाही. राजधानी असलं म्हणून काय झालं! आमच्याकडचा कापूस बंड्यांत भरून रेल्वेपर्यंत न्यावा लागायचा. गाडी इकडे आली ती थेट १९१० च्या दशकात. मूर्तिजापूर ते अचलपूर, ७६ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, मालक खाजगी कंपनी. हीच आमची शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. म्हणजे आमचा कापूस ज्या मुलखात जायचा तिथूनच इंजिन आलं.

माझे आजोबा परतवाड्यात एका अडतीत दिवाणजी होते. अडत म्हणजे काय, हे आमच्या पिढीला सांगावं लागतं. शेतकरी बंडी घेऊन येणार, अडत्या त्याचा माल विकून देणार आणि त्यावर आपली टक्केवारी घेणार. पेरणीला पैसे हवे असले तर तेही तोच देणार, अर्थात व्याजाने. सगळं आजोबांच्या वहीत. एका अडतीवर मापारी, हमाल, जिनवाले, गठाणी बांधणारे असे कितीतरी लोक जगायचे. यात शेतकरी नाडला जायचा हेही खरं, आजोबाच तसं सांगायचे.

१९७२ साली सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. माल सरकारच घेणार म्हटल्यावर अडतीचं काम संपलं. आजोबांनी त्याच शेतकऱ्यांना दोर, कासरे, टोपल्या, ताडपत्र्या विकायचं दुकान टाकलं. तेच हे दुकान. शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९९४ साली गेलं. मी लहानपणी आजोबांसोबत बसलो ती डिझेलची गाडी. पुढे तीही बंद झाली, तेव्हा मी कॉलेजात होतो. फेसबुकवर हळहळ व्यक्त केली आणि सबमिशनला लागलो.

असो. तर रात्री जेवण झाल्यावर मी शीट उघडली. विक्री, नफा, लाइट बिल आणि एक लाल कॉलम: उधारी. 'बाबा, हे पैसे बुडीत धरायला पाहिजेत. मग दुकान तोट्यातच आहे.'

बाबांनी चष्मा लावून शीट नीट बघितली. म्हणाले, 'अर्धी उधारी येनार नाही, मलेबी मालूम आहे. पन उरलेली अर्धी द्यायले तं लोकं दुकानात येतात ना. आले की दोर घेऊन जातात. तुह्या त्या कागदावर हे कुठं लिहिलं आहे?'

मी गप्प. तसा कॉलमच नव्हता.

मग त्यांनी विचारलं, 'तू तिथं नेमकं करतं काय रे?' आजवर दहा वेळा सांगून झालंय. या वेळी म्हटलं, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला काम पाहिजे असतं, आमची कंपनी ते आमच्याकडून करून घेते आणि मधले पैसे ठेवते. बाबा हसले. 'म्हंजे अडतच. अन् तू दिवाणजी.'

झोप आली नाही. डोक्यात ते लाख बैल. रेल्वे आली तेव्हा बंजाऱ्यांचा धंदा गेला, कारण त्यांच्याकडे फक्त वाहतूक होती आणि ती दुसऱ्याने स्वस्तात केली. अडत्या टिकला, कारण कोणाला किती द्यायचं, कोण परत आणून देईल हे त्याला माहीत होतं. शकुंतला कापसासाठी आली होती, ती गेली. पण त्या कापसामुळे ज्यांची ओळख झाली ती गिऱ्हाइकं अजून बाबांच्या काउंटरवर येतात. आणि मी? मला माझ्या गिऱ्हाइकाचं गावसुद्धा माहीत नाही. उद्या कुणी तेच काम स्वस्तात केलं तर मी बंजारा की अडत्या?

बाबांचे गुडघे दुखतात, ही गोष्ट मात्र वहीने बदलत नाही. म्हणून ठरलं एवढंच, या कापसाच्या हंगामापर्यंत दुकान चालू, मग बघू. रविवारी दिवसभर मी काउंटरवर बसून उधारीची नावं उतरवून घेतली. बाबा एकेक नाव वाचायचे आणि पुढे सांगायचे, याच्या बापाची बंडी आजोबांकडे यायची, याच्या पोरीचं लग्न आहे, याला मागू नको. शीटमध्ये नवीन कॉलम टाकला: 'शेरा'. सगळ्यात जास्त तोच भरला.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो. उद्या साडेनऊला क्लायंट कॉल.