कागद आम्हीच वाचला होता

आमच्या चाळीतल्या अक्कांचा धाकटा मुलगा दुबईला निघाला, तेव्हा व्हिसाचा कागद घेऊन आमच्याकडेच आला. आम्ही बी. कॉम. झालेले, कचेरीत दिवसभर कागद तपासणारे. नाव पाहिले, पासपोर्टचा नंबर पाहिला आणि म्हणालो, "बरोबर आहे, जा." व्हिसा कोणत्या प्रकारचा, ते मात्र पाहिलेच नाही. अक्कांनी गळ्यातली पोत गहाण ठेवून एजंटाचे पैसे भरले होते.

तो व्हिजिट व्हिसा होता. त्यावर ठरावीक दिवस राहता येते, काम करता येत नाही. "तिथे गेल्यावर बदलून देऊ," असे एजंट म्हणाला होता. वास्तविक नोकरीसाठी आधी कामाचा प्रवेश-परवाना हवा. मग तिथे वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे आणि शेवटी एमिरेट्स आयडी. 2022 पासून पासपोर्टवर रहिवासाचा शिक्का बसत नाही, हे कार्डच रहिवासाचा पुरावा. ते नाही, म्हणून पोराच्या नावावर खोली नाही. देरा भागात एका खोलीतली एक खाट तेवढी भाड्याने मिळाली. तिला तिथे 'बेडस्पेस' म्हणतात. मालक म्हणेल तेव्हा वळकटी उचलायची. मुदत उलटली की रोज 50 दिरहम दंड.

पोरगा हात हलवत परतला. अक्का आम्हाला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागले.

मग आम्ही नियम वाचले. मुलगा दहावी नापास, म्हणून त्याचा पासपोर्ट ईसीआर. अशांना आखातासह 18 देशांत नोकरीला जाताना 1983 च्या कायद्याने प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये व जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. मंजुरीसोबत 10 लाखांचा विमाही असतो, दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये. व्हिजिट व्हिसावर पाठवले की हे सारे संरक्षण चुकवले जाते. एजंटाची मेख इथेच आहे.

वाचकहो, घरातले कोणी परदेशी निघाले तर व्हिसाचा प्रकार आधी वाचा. करारात पगार किती, राहण्याची सोय कोण करणार, ते पाहा. एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा. पैसे दिले की पावती घ्या.

आता रविवारी कोणी कागद घेऊन आले की आम्ही चष्मा पुसून दोनदा वाचतो. अक्कांची पोत अजून सुटायची आहे.