लवणारा डोळा : तेव्हाचा आणि आताचा

आमच्या लहानपणी नागपूरजवळच्या कळमेश्वरात डोळा लवणं ही बातमी असायची. बाईचा डावा लवला तर शुभ, उजवा लवला तर अशुभ. पुरुषांचं नेमकं उलट. 1970च्या दशकात आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा डावा डोळा लवू लागला, तेव्हा बायकांनी त्यांना हसत हसत विचारलं, "माहेरून कोण येऊन राहिलं, बाई?"

माहेरून कोणी आलं नाही. फडफड मात्र डोळ्यावरून गालावर आणि तिथून ओठाच्या कोपऱ्यावर उतरली. झोपेतही थांबेना. कोणी म्हणालं वारं लागलं, कोणी म्हणालं लकव्याची सुरुवात. गरम तेलाची मालीश झाली, दृष्ट काढून झाली, आदाशाच्या गणपतीला साकडं घातलं, धापेवाड्याच्या विठोबाला नवस बोलून झाला. आठवडी बाजारात परक्या माणसाला वाटायचं, बाई डोळा मारते. शेवटी काकूंनी बाजारच सोडला.

त्या काळाचं मोठेपणही सांगायला हवं. काकूंचा भाजीपाला शेजारणी आणत. नागपूरला दाखवायला न्यायचं ठरलं की पॅसेंजरमध्ये चार जण डबे घेऊन सोबत बसत. डॉक्टरांच्या हाती मात्र फारसं काही नव्हतं. फिटच्या गोळ्या देत. काही ठिकाणी चेहऱ्याच्या नसेत अल्कोहोलचं इंजेक्शन देत किंवा नसच अर्धवट कापत. फडफड थांबे, पण तोंड वाकडं होई.

खरं कारण कवटीच्या आत होतं. वयानुसार लांबून वळण घेतलेली एखादी धमनी, चेहऱ्याची नस मेंदूतून जिथे बाहेर पडते तिथेच तिच्यावर टेकते आणि प्रत्येक ठोक्याला तिला घासते. खांबावरच्या तारा वाऱ्यात एकमेकींना घासून ठिणग्या उडाव्यात, तसे नसेतून नको ते संदेश सुटतात. अमेरिकेत न्यूरोसर्जन पीटर जॅनेटा यांनी 1966 साली सूक्ष्मदर्शकाखाली ही धमनी नसेपासून दूर करून दाखवली. अनेक वर्षं सहकाऱ्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. आपल्या गल्लीपर्यंत ती गोष्ट पोचणं तर लांबच.

आज चित्र वेगळं आहे. एमआरआयमध्ये बऱ्याचदा ती धमनी दिसते. ऑपरेशन नको असेल तर बोटॉक्सची सुई आहे. तिचा गुण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा टोचावी लागते. कायमचा इलाज हवा असेल तर न्यूरोसर्जन कानामागे छोटं छिद्र पाडतात आणि धमनी व नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. नॉनस्टिक तव्यावर असतो तोच टेफ्लॉन. अनुभवी हातांत शंभरपैकी साधारण 85-90 जणांची फडफड थांबते, काहींची लगेच, काहींची काही महिन्यांनी. ऑपरेशन केलेल्या बाजूचं ऐकू येणं कमी होण्याचा धोका असतो. तो आधी समजून घ्यावा.

जुन्या कळमेश्वराची आठवण मला हळवं करते, पण या दुखण्यापुरता तो काळ परत नको. परत हवी ती फक्त सोबत जाणारी चार माणसं.

जागरणानं किंवा थकव्यानं पापणी चार दिवस लवली तर काळजी नको. पण फडफड चेहऱ्याच्या एकाच बाजूला असेल, डोळ्यावरून तोंडाकडे उतरत असेल आणि झोपेतही थांबत नसेल, तर शकुन पाहत बसू नका. न्यूरोलॉजिस्टला दाखवा, आणि शेजारी कोणाचं असं होत असेल तर त्याच्यासोबत जा.