'रन'शी गाठ पडली म्हणून

चि. सई,

इंग्रजी क्रियापदांचे अर्थ पाठ करता करता तू 'रन'पाशी अडलीस, असं तुझी आई म्हणाली. अडणारच! ऑक्सफर्डच्या कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर हे कोशकार या एका शब्दावर नऊ महिन्यांहून अधिक काळ बसले होते. क्रियापदाचे अर्थ निघाले 645! 1989च्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद 'सेट'ची होती. तो मान 'रन'ने हिरावला.

हे अर्थ कुणी ठरवून वाटलेले नाहीत. पाणी वाहतं ते 'रन', म्हणून सर्दीत नाक वाहतं तेही 'रन' आणि धुताना कपड्याचा रंग जातो तेही. औद्योगिक क्रांतीत यंत्रं नि आगगाड्या आल्या, तेव्हा तर या क्रियापदाचं फावलंच. दुकान चालवणं, प्रोग्रॅम चालवणं, सगळं त्यात आलं. गंमत म्हणजे अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड'. तिकडे धावायचं, इकडे आपल्यासारखं उभं राहायचं!

समानार्थी शब्दांच्या यादीवर मात्र डोळे मिटून विसंबू नकोस. पीटर रॉजे या डॉक्टरने 1852 साली आपला थिसॉरस छापला, त्यात शब्द वर्णानुक्रमे न लावता कल्पनांनुसार मांडले. जवळजवळचे शब्द एकत्र आले, पण अदलाबदल करावी असे ते नव्हेत. 'स्प्रिंट' म्हणजे थोडं अंतर जीव तोडून पळणं, 'जॉग' म्हणजे व्यायामापुरतं हळू धावणं, 'बोल्ट' म्हणजे एकदम उधळणं. आणि कंपनी 'मॅनेज' करता येते, वाहतं नाक नाही.

भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, घाटात गाडी लागते. 'लागणे'चे अर्थ तू कधी पाठ केलेस? माणसांच्या तोंडून वाक्यं ऐकलीस, तसे ते आले. 'रन'चंही तसंच कर. वहीत सुटे अर्थ न उतरवता अख्खं वाक्य लिही. कर्ता कोण, क्रियापदापुढे काय आलंय ते बघ. 'आउट ऑफ' आलं तर घरातलं दूध संपलं. 'इनटू' आलं तर वाटेत मैत्रीण भेटली, नाहीतर गाडी खांबावर आदळली!

रोज दोन वाक्यं पुरेत. रविवारी येताना वही आण, मग 'सेट' घेऊ.

तुझी,
आत्या