मुलाखतीनंतरचा शुक्रिया

फेब्रुवारी उजाडला की आमच्याकडे नातेवाइकांचे आणि जुन्या पालकांचे फोन सुरू होतात. घरात दोघेही शिक्षक, दोघांचेही बी.एड. झालेले, उर्दू आणि मराठी शिकवणारे. त्यामुळे अर्ज कसा भरायचा, जन्मदाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर काय करायचे, हे सगळे आमच्याच माथी. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलाची शाळेत मुलाखत झाली, आता शुक्रियाचा मेसेज पाठवायचा का? आणि पाठवायचा तर कुणाला?

शुक्रिया लिहिण्याची रीत आपल्याला नवी नाही. बीड 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आमच्या वडीलधाऱ्यांची शाळा उर्दूत झाली, आणि कुणी एखादे काम करून दिले तर घरी आल्यावर आधी खत लिहायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. सलाम, खैरियत, शुक्रिया, घरातल्या सगळ्यांची नावे घेऊन पुन्हा सलाम. पण ते खत काम झाल्यावर जायचे. मुलाखत आणि प्रवेशाची यादी यांच्या मधल्या आठवड्यात पाठवायचे आभारपत्र ही वेगळी चीज आहे. अमेरिकेत खासगी शाळांत मुलाला घालणारे पालक असे पत्र पाठवतात. तिथे ते शिष्टाचारात मोडते आणि त्याने निकाल बदलेल अशी अपेक्षा कुणी धरत नाही, निदान उघडपणे तरी नाही. आपल्याकडे मात्र शुक्रियाच्या मागोमाग डबा येतो, आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

आमच्या आपाच्या मुलीचेच घ्या. आपा माजलगावची. दुलाभाईंचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. मुलगी चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकली, हुशार आहे. पाचवीसाठी तिला शेजारच्या जिल्ह्यातल्या एका इंग्रजी शाळेत घालायचे ठरले. शाळा आपल्याच लोकांच्या संस्थेची, वसतिगृह असलेली. मुलाखतीला तिघेही गेले. मुलीला एक उतारा वाचायला दिला. एका शब्दावर ती अडली. समोरच्या बाई काही न बोलता थांबल्या, तिला तो शब्द पुन्हा पाहू दिला, आणि तिने तो वाचला. एवढे झाल्यावर मोर्चा आई-वडिलांकडे वळला. घरी कोणती भाषा बोलता? वडिलांचे शिक्षण किती? सुट्टीत गृहपाठ कोण घेणार, आईला इंग्रजी येते का? आपा सातवी शिकलेली. ती म्हणाली, "नहीं आता." बस्स, पुढचा प्रश्न आलाच नाही.

घरी परतल्यावर शुक्रियाचा विषय निघाला. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका भाच्याने मोबाइलवर इंग्रजीत लांबलचक ईमेल तयार करून पाठवली. तिच्यात शाळेला 'एस्टीम्ड इन्स्टिट्यूशन' म्हटले होते, आणि आपल्या पाल्याला घडवण्याची संधी मिळाल्यास आम्ही कृतार्थ होऊ, अशा अर्थाचे काहीबाही. दुलाभाईंना त्यातले अक्षरही कळले नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते: "मास्तर, खाली हाथ शुक्रिया कैसा बोलना? दोन किलो मिठाई देऊन येतो." तो सीताफळाचा हंगाम नव्हता हे बरे. आमच्या बालाघाटातल्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून जिल्ह्यातला माणूस बाहेरगावी कुणाला काय न्यायचे याचा विचारच करत नाही. नाहीतर मिठाईच्या जागी पेट्या गेल्या असत्या.

दुलाभाईंच्या मनात लाच नव्हती, हे आम्ही शपथेवर सांगू. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नीट झाली की गिऱ्हाईक चहा सांगते, कुणी शेतातली भाजी आणून ठेवते. त्यांच्या दुनियेत आभार असेच मानतात. पण गॅरेज आणि प्रवेशाचे टेबल यांत फरक आहे. गॅरेजात गाडी आधी दुरुस्त होते, भाजी नंतर येते. इथे गाडी अजून उघडलेलीसुद्धा नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातली एक घटना आपण सगळ्यांनी ऐकली आहे, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती येते. जकात गोळा करायला पाठवलेला इब्नुल लुत्बिय्या नावाचा माणूस परत आला आणि जमा झालेल्या मालाचे त्याने दोन वाटे केले: हा तुमचा, आणि हा मला भेट म्हणून मिळालेला. प्रेषितांनी मिंबरवरून विचारले, हा माणूस आई-वडिलांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती का? दुलाभाईंना आम्ही एवढेच सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग त्या बाईंना काहीच नाही द्यायचे? माझ्या पोरीसाठी थांबल्या त्या."

हा मुद्दा खरा होता. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, या आशयाची हदीसही आपल्याकडेच आहे, आणि उपकार करणाऱ्याला 'जजाकल्लाहु खैरन' म्हटले की त्याची पुरेपूर तारीफ झाली असेही सांगितले आहे. म्हणजे शुक्रिया सोडायचा नाही, आणि त्याला किंमतही लावायची नाही. तेव्हा आम्ही तीन गोष्टी सुचवल्या. पत्र मुलीने स्वतः लिहावे, तिला येते त्या भाषेत. ते संस्थेला किंवा अध्यक्ष साहेबांना न जाता त्या बाईंच्या नावे जावे. आणि यादी लागल्यावरच टपालात पडावे, नाव असो वा नसो. यादीच्या आधी आलेला शुक्रिया कितीही साफ दिलाने लिहिलेला असू द्या, वाचणाऱ्याला त्यातला शुक्रिया कुठे संपला आणि अर्जी कुठे सुरू झाली ते कळत नाही. आम्ही स्वतः शिक्षक आहोत, आम्हालाही कळत नाही.

पोस्टकार्ड आणले. पन्नास पैशांना अजून मिळते, आणि त्याचा एक गुण असा की त्यात काही ठेवता येत नाही. मुलीने उर्दूत चार ओळी लिहिल्या: मी अडखळले तेव्हा तुम्ही हसला नाहीत, थांबलात, म्हणून मला वाचता आले. खाली नाव आणि गाव.

यादी लागली. तिचे नाव प्रतीक्षा यादीत होते आणि तिथेच राहिले. आपा भडकली. "प्रवेश दिला नाही, मला अनपढ ठरवून पाठवले, आणि आता शुक्रिया?" तिला काय उत्तर द्यायचे? तिची नाराजी संस्थेवर होती आणि रास्त होती. कार्ड चार-पाच दिवस फ्रिजवर पडून राहिले. शेवटी मुलीनेच ते नेऊन डब्यात टाकले, का टाकले ते आम्ही विचारले नाही. उत्तर आले नाही. मुलगी आता माजलगावातच पाचवीत आहे.

आपाला न सांगितलेली एक गोष्ट इथे लिहितो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 13 सांगते की प्रवेश देताना शाळेने देणगी घ्यायची नाही आणि मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायची नाही. मुलाखत ही चाळणीच. पहिल्यांदा सापडल्यास 25 हजार रुपयांपर्यंत दंड, नंतर प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत. आईला इंग्रजी येते का, हा प्रश्न या कायद्याखाली विचारताच येत नाही. पण 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती प्रकरणात हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू नसल्याचा निकाल दिला. आपली संस्था आपल्या पद्धतीने चालवण्याचा हक्क आपल्याला घटनेने दिला आहे आणि तो मोलाचा आहे. मात्र त्याचा एक परिणाम असा की दुसऱ्या खासगी शाळेत गॅरेजवाल्याच्या मुलीला जे संरक्षण मिळते, ते आपल्याच संस्थेच्या दारात मिळत नाही, 25 टक्के राखीव जागाही नाहीत. ही उणीव कायद्याने नाही तर संस्थाचालकांनी भरून काढायची आहे, आणि आपल्या मासिकाचे काही वाचक अशा संस्थांवर आहेत, म्हणून लिहिले.

मुलाखत न घेताही निवड करता येते. गेवराई तालुक्यात गढीला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीच्या 80 जागा, जिल्हाभरातून अर्ज, एक लेखी परीक्षा. बाप काय करतो हे तिथे कुणी समोर बसवून विचारत नाही, त्यामुळे आभार कुणाचे मानायचे हा प्रश्नही पडत नाही. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांचे तर चित्रच उलटे. पटसंख्या घटली की संचमान्यतेत पद जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून उन्हाळ्यात आम्हीच वस्तीवस्तीवर, ऊसतोडीवरून परतलेल्या कुटुंबांच्या दारी फिरतो. तिथे मुलाखत पालक घेतात: मास्तर, शिकवता का नीट? बाथरूमला पाणी आहे का? दाखला हातात पडला की शुक्रिया आम्ही म्हणतो. एकदा एका आजीने आम्हालाच शेंगदाणे बांधून दिले होते. ते आम्ही खाल्ले, कारण मुलाचे नाव हजेरीवर चढून महिना झाला होता.

या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका हमालाच्या मुलीचा 25 टक्क्यांच्या सोडतीत नंबर लागला. या जागांवर 2024 च्या फेब्रुवारीत गदा आली होती. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट, असा बदल राज्य सरकारने केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी 19 जुलैला तो रद्द केला. तर, कागदपत्रांची पडताळणी झाली आणि शाळेतून फोन आला की आई-वडिलांनी मुलीला घेऊन 'ओळखभेटी'ला यावे. तो बिचारा पेढ्यांचा पुडा घेऊनच आमच्याकडे आला, शुक्रिया कुणाला म्हणायचा हे विचारायला.

आम्ही सांगितले, सलाम करा, कागद द्या, प्रवेशाची पोच मागा. कुणी प्रश्न विचारू लागले तर नम्रपणे म्हणा की मुलीचा नंबर सोडतीत लागला आहे. कलम 13 एका कागदावर मराठीत लिहून त्याच्या खिशात दिले. तो कागद काढायची वेळ आली नाही. लिपिकाने दहा मिनिटांत पोच दिली, त्याने "मेहरबानी साहेब" म्हटले आणि तो परत आला. पेढे गल्लीत वाटले. आमच्या वाट्याला दोन आले.